इनामदार सरांचा पिकअप

आमच्या कॉलनीत 'पिकअप' हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. उच्चारायचाच झाला तर आधी आजूबाजूला बघून घेतात, इनामदार सर कुठं दिसत नाहीत ना. कारण हा शब्द कानावर पडला की सर असतील तिथून येतात, उजव्या हाताचं बोट वर करतात आणि विचारतात, "कोणत्या अर्थानं?"

विचारणं एवढंच. पण त्यानंतर माणूस बराच वेळ तिथून हलत नाही.

माझी पहिली भेट अशीच झाली. आम्ही नवीनच राहायला आलो होतो. घरात बायको, दोन खुर्च्या आणि एक माठ एवढंच पोचलं होतं. बाकीचं सामान घेऊन येणारा ड्रायव्हर दुपारपासून गायब होता. शेवटी त्याला फोन लागला तेव्हा मी फाटकाशी उभा राहून ओरडलो, "अरे, सामानाची पिकअप कुठं अडकली?" तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, पायात स्लिपर आणि काखेत एक कोंबडी.

"कोणत्या अर्थानं?" त्यांनी विचारलं.

"आं?"

"सामानाचा पिकअप म्हंजे सामान उचलणं. सामानाची पिकअप म्हंजे सामान उचलणारी गाडी. तुमचं नेमकं काय अडकलंय?"

"सगळंच अडकलंय हो," मी म्हणालो.

"बरोब्बर. म्हंजे दोन्ही." त्यांनी कोंबडी खाली सोडली. "या, चहा घ्या. रिकाम्या घरात काय करता बसून?"

सामान येईपर्यंत आम्ही सरांकडं दोनदा चहा घेतला, एकदा खिचडी खाल्ली आणि पिकअपचे इतके अर्थ ऐकले की ड्रायव्हर आला तेव्हा त्याला काय म्हणून हाक मारावी ते मला कळेना. घरी आल्यावर बायको म्हणाली, "माणूस फार चांगला आहे. पण इथं तोंड उघडताना जरा जपून."

रफीक इनामदार सरांनी सगळी नोकरी शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. त्यांच्या पत्नी आम्ही इथं यायच्या आधीच वारल्या. एकुलती एक मुलगी, अस्मा, दातांची डॉक्टर आहे आणि लग्न होऊन हैदराबादला असते. घरात सर, त्यांच्या कोंबड्या आणि पोर्चमध्ये उभी असलेली एक निळी स्कूटर. एवढाच संसार.

आता इंग्रजीचे मास्तर म्हटल्यावर वाटतं, त्यांना त्या भाषेचं मोठं कौतुक असेल. तसं काही नाही. लांबलचक शब्दांना ते 'सुटाबुटातले' म्हणून बाजूला सारतात. त्यांचा जीव जडलाय तो बारक्या शब्दांवर.

"'गेट', 'पुट', 'टेक', 'पिक'. ही साधी माणसं, काळेसाब. एकटी असली तर कुणी विचारत नाय. पण मागच्या सीटवर कोण बसतंय ते बघा. 'अप' बसला, 'ऑफ' बसला, 'आउट' बसला, की गाडी भलत्याच गावाला जाते. सगळी करामत मागं बसणाऱ्याची!"

आणि या सगळ्यांत लाडका 'पिकअप'. त्याचा इतिहास ते घराण्याची वंशावळ सांगावी तसा सांगतात. हा शब्द मुळात पाखरांचा. पिक म्हणजे चोच मारणं, दाणा टिपणं. एवढं सांगून सर मूठभर ज्वारी अंगणात फेकतात, कोंबड्या धावत येतात आणि सर आनंदानं ओरडतात, "बघा, बघा! शब्द जन्माला येतोय!" मग तो माणसाच्या हातात आला. जमिनीवर पडलेलं उचललं, तो पिकअप. मग हाताला न लागणाऱ्या गोष्टीही माणसं उचलायला लागली. ऐकून ऐकून भाषा उचलली, संगतीनं सवय उचलली, शेजाऱ्याकडून खोकला उचलला. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून बसला, तोही पिकअप. बसलेला धंदा सावरला, तोही. रेडिओनं आवाज पकडला, तोही. पोलिसांनी चोर उचलला, तोही. "आणिक एक अर्थ असा आहे..." इथं बायामाणसं बसलेली असली तर सर खोकतात आणि पुढच्या अर्थावर जातात. त्या खोकल्याचा अर्थ काय असं बायकोनं मला घरी विचारलं, तेव्हा मीही खोकलो.

"चोचीतून हातात आला, हातातून डोक्यात गेला, आन् शेवटी चाकावर बसला," हे त्यांचं समारोपाचं वाक्य. समारोप झाल्यावर खरी सुरुवात होते. कारण सरांच्या मते इंग्रजांनी हा शब्द नुसता जन्माला घातला, त्याला वाढवला मराठवाड्यानं. करमाडहून रोज सकाळी भाजी घेऊन येणारा गोरख गाडीच्या टपावर थाप मारून "पिकअप आली, पिकअप!" असं ओरडतो. सर पिशवी घेऊन आधी त्याच्याकडं अभिमानानं बघून घेतात आणि मग वांगी निवडतात. आणि सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे जालना रोडवरची आमची पिकअप शेड. चार खांब, वर पत्रा, खाली सिमेंटचा बाक आणि कपाळावर कुण्या पुढाऱ्याचं पुसट नाव.

"बस थांबायच्या जागेला पिकअप शेड म्हणायचं, हे लंडनवाल्यांना सुचलं का? नाय सुचलं. आपल्याला सुचलं."

ही गोष्ट त्यांनी विलायतेतल्या एका डिक्शनरीवाल्यांना ईमेल करून कळवली. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असं लगेच उत्तर आलं. सरांनी त्या उत्तराचे आभार मानले. त्या आभारांबद्दल पुन्हा आभार आले. हा पत्रव्यवहार आठवडाभर चालला. सरांनी शेवटी तिकडच्या थंडीची चौकशी केली, त्याबद्दलही त्यांनी आभार मानले.

"लई अदबीचा माणूस आहे," सर म्हणाले.

"सर, तो माणूस नाही. मशिन आहे. आपोआप उत्तर जातं."

सरांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "असू द्या. जवाब तर देतो ना."

स्कूटरची गोष्टही यातलीच. एकदा ती चढावर कुंथायला लागली म्हणून सरांनी ती बाळू मिस्त्रीकडं नेली. बाळूनं फेरी मारून आणली आणि निदान केलं, "इंजिन ठीक हाय सर. पर गाडीला पिकअप राह्यला नाय."

सर त्या वाक्यावर इतके खूश झाले की त्यांनी बाळूला ते आणखी एकदा म्हणायला लावलं. बाळू म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बरं, करू का दुरुस्त?"

"नक्को, नक्को. असू द्या असंच."

तेव्हापासून त्या स्कूटरला खरोखरच पिकअप नाही. शाळेतून घरी येणारी सायकलवाली पोरं तिला ओलांडून जातात आणि जाताना सरांना सलाम करतात.

आता या स्कूटरवर मागं बसणारा मुख्य इसम म्हणजे मी. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहे. आमची बस संध्याकाळी सहाच्या सुमारास मला शेडपाशी सोडते आणि तिथून कॉलनी बरीच आत आहे. सर रोज सहाला शेडवर हजर असतात. ऊन असो, वारा असो, कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतात. कॉलनीतलं जे कुणी बसमधून उतरेल त्याला घेऊन जातात. कुणीच उतरलं नाही तर त्या बाजूला जाणारा कुणीही चालतो. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या बोचक्यासकट हर्सूलला सोडलं होतं. आमच्या कॉलनीच्या अगदी उलट्या टोकाला.

या प्रवासाचा एक विधी आहे. सर आधी खिशातून स्वच्छ रुमाल काढून मागची सीट पुसतात. काल पुसलेली, आज कुणी न बसलेली सीटसुद्धा पुसतात. तुम्ही बसलात की तोंड पुढं ठेवूनच विचारतात, "बसलात?"

"बसलो."

"नीट बसलात?"

"नीट बसलो."

"मग 'चला' म्हणा."

तुम्ही 'चला' म्हटल्याशिवाय स्कूटर हलत नाही. एकदा मी दमून आलो होतो, तोंड उघडायचा कंटाळा आला म्हणून नुसती मान हलवली. सरांना पाठीमागचं कसं दिसणार? ते तसेच थांबले. मी तसाच बसलो. मागं लालपरी येऊन हॉर्न वाजवायला लागली, कंडक्टर उतरून आला आणि त्यानं आमच्याकडं बघून विचारलं, "मामा, काय बंद पडलं?" तेव्हा कुठं मी 'चला' म्हणालो.

या घ्यायला जायच्या हौसेपायी सरांनी एकदा आमच्या शेजारच्या दांडगेअण्णांना चांगलंच अडचणीत आणलं होतं. अण्णांच्या मुलीला बघायचा कार्यक्रम होता. मुलाचे मामा बदनापूरकडून बसनं येणार होते आणि बाकीची मंडळी मागून जीपमधून. अण्णा म्हणाले, "सर, मामांचा पिकअप तुमच्याकडं." सर फुलून गेले. शेडवर पोचले तर काळी बॅग घेतलेला एक भारदस्त गृहस्थ उभा. सरांनी विचारलं, "दांडग्यांकडं ना?" तो म्हणाला, "व्हय, दांडग्यांकडंच." सरांनी सीट पुसली, 'चला' म्हणवून घेतलं आणि पाहुणा आणून अण्णांच्या ओसरीवर उतरवला.

आता आपल्याकडं आलेल्या पाहुण्याला दारातच नाव-गाव विचारायची पद्धत नाही. आधी पाणी, मग टॉवेल-टोपी, मग पोहे. गृहस्थ प्रत्येक गोष्टीला जरा बिचकत होता, पण नाही म्हणत नव्हता. टोपी त्यानं घालून घेतली. मुलगी पोहे घेऊन आली, नमस्कार करून समोर बसली. अण्णा हात जोडून म्हणाले, "मामा, काय विचारायचं आसंल ते मोकळेपणानं विचारा."

गृहस्थानं तोंडातला घास संपवला. "बाकी नंतर बघू," तो म्हणाला, "आधी मला बोअर किती फुटावर नेलंय ते सांगा."

तो पाण्याच्या मोटारी विकणारा एजंट होता आणि त्याला पलीकडच्या प्लॉटिंगमधल्या दुसऱ्या दांडग्यांकडं जायचं होतं. खरे मामा तोवर शेडपासून पायी चालत, गुडघ्यापर्यंत धूळ घेऊन दारात आले आणि आपली टोपी भलत्याच माणसाच्या डोक्यावर बघून जागच्या जागी थांबले. काय होतं नि काय नाही, असं झालं. पण एजंट मोठा हुशार निघाला. त्यानं टोपी काढून मामांना दिली, शेजारी बसवलं आणि त्यांच्या मळ्यातल्या मोटारीची चौकशी सुरू केली. ती नेमकी गेल्याच आठवड्यात जळाली होती. लग्न जमलं, आणि मामांच्या मळ्यात नवी मोटारही बसली.

सरांना याचं काडीचं वाईट वाटलं नाही. "माणूस चुकीचा आणला, कबूल," ते म्हणाले. "पण रिकामा तर आलो नाय."

हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती आणि मी सरांच्या ओट्यावर चहा पीत होतो. अस्माचा फोन आला. सरांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. बापलेक उर्दू, दखनी आणि मराठीची भेळ करून बोलतात.

"अब्बा, शुक्रवारी येतोय आम्ही. रोडनं, आपल्या गाडीनं."

बरेच महिने ती आली नव्हती. सर फोन हातात घेऊन उभेच राहिले. "कित्ते बजे? मी शेडवर येतो घ्यायला."

"अब्बा, गाडी आहे ना आमची. घरापर्यंत येते. तुम नक्को आओ."

"मी फक्त शेडपर्यंत..."

"कुठंच नको. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. त्या स्कूटरवरनं पडलात तर मी तिकडं लांब. मी आल्यावर आधी ती विकून टाकू. तुम्ही घरी आरामात बसा, बस."

फोन ठेवल्यावर सर बराच वेळ अंगणात बघत राहिले. कोंबड्या येऊन पायाशी घुटमळल्या, त्यांच्याकडंही लक्ष नव्हतं.

"काळेसाब," ते शेवटी म्हणाले, "लेक एवढ्या लांबून येणार आन् मी घरात बसून राहू? तिनं यायचं, बेल वाजवायची, मी दार उघडायचं? ती काय कुरिअर घेऊन येतेय का?"

"ती काळजीनं बोलली, सर."

"ते कळतं हो मला. मला दुसरं काय नको. मिठाई नको, कपडे नको. मला तिला घ्यायला जायचंय. येवढंच."

मी म्हणालो, परत फोन करून सांगा की तिला. सरांनी मान हलवली. मागून घेतलेल्या गोष्टीत काय राम, असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले.

सोमवारी मी शेडवर उतरलो तर सर नव्हते. चालत घरी आलो तर स्कूटरवर जुनी चादर टाकलेली. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी सकाळी गोरखनं गाडीच्या टपावर थाप मारून "पिकअप आली, पिकअप!" अशी हाक दिली. सर आले, वांगी घेतली आणि त्याच्याकडं न बघता आत गेले. गोरख बावरला. "सर आज बोललेच नाय. वांगी किडकी निघाली का वो?" त्यानं मला विचारलं. दांडगेअण्णांनी तर मुद्दाम सरांच्या फाटकासमोर उभं राहून मोबाइलवर कुणाशी तरी "फोन पिकअप कर, फोन पिकअप कर" असं चारचारदा म्हणून पाहिलं. सरांनी बोट वर केलं नाही. अण्णा घाबरून माझ्याकडं आले. "काळे, दवाखान्यात दाखवावं का?"

बायकोनं धपाटे करून पाठवले. ते सरांनी खाल्ले, डबा धुऊन परत दिला, पण धपाट्यांवरही काही बोलले नाहीत. मला अस्माचा भयंकर राग आला. दात काढायला शिकलेल्या माणसाला बापाच्या तोंडातला घास काढून घेतलेला कळू नये? शुक्रवारी ती भेटली की दोन शब्द सुनवायचे असं मी पक्कं ठरवून टाकलं.

शुक्रवारी बसमधून उतरलो तर शेडच्या बाकावर अस्मा बसलेली. एकटीच. सरांच्या भिंतीवरच्या फोटोतली ओळख होती, म्हणून पटकन ओळखलं.

"काळेअंकल ना तुम्ही?" ती उभी राहिली. "अब्बा रोज सांगतात तुमचं."

"तू इथं कशी? गाडी बंद पडली का?"

तिनं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. चहाच्या टपरीजवळ एक पांढरी गाडी उभी होती आणि तिचा नवरा बॉनेटला टेकून चहा पीत होता. "चांगली चालू आहे. ह्यांना म्हटलं, तुम्ही थांबा तिथं. मी अब्बांबरोबर येते. त्या फोननंतर माझं मलाच कसंतरी होत होतं, अंकल. आता सहाला येतीलच ना ते."

माझे ठरवून ठेवलेले दोन शब्द घशातच राहिले. "पोरी, सोमवारपासून आले नाहीत ते. स्कूटरवर चादर टाकलीय."

ती मटकन खाली बसली. बाकाच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"अम्मी इथंच बसायची," ती म्हणाली. "ह्याच कोपऱ्यात. करमाडच्या शाळेत मराठी शिकवायची. रोज सहाच्या बसनं उतरायची आणि अब्बा घ्यायला यायचे. वाटेत त्यांचं हेच चालायचं, पिकअपचा आज नवीन अर्थ सापडला, आज हा सापडला. अम्मी म्हणायची, एका शब्दाला इतकी कामं? तुमच्या इंग्रजांकडं काय माणसं कमी होती का? तिला त्यातल्या एकाच अर्थाशी मतलब होता. सहाला घ्यायला यायचं." मग ती एकदम हसली. "एकदा काय झालं माहितीये? अब्बांना वाटलं अम्मी बसली, आणि निघाले. घरापर्यंत मान पुढं ठेवून बडबडत गेले. अम्मी काही बोलेना. त्यांना वाटलं, आज पहिल्यांदा हिला पटलं! फाटकाशी वळून बघतात तर सीट रिकामी."

मी मोठ्यांदा हसलो.

"धावत परत आले. अम्मी इथंच वह्या तपासत बसलेली. तिनं वर न बघता सांगितलं, उद्यापासून मी 'चला' म्हटल्याशिवाय हलायचं नाही."

माझं हसू तिथंच थांबलं. इतकी वर्षं संध्याकाळी त्या सीटवर बसून मी 'नीट बसलो, चला' म्हणत आलो होतो.

"अम्मी गेल्यावर चार दिवस घराबाहेर पडले नाहीत," अस्मा सांगत होती. "पाचव्या दिवशी सहा वाजले तसे उठले, सीट पुसली आणि निघाले. मी म्हटलं, कुठं चाललात? परत आले तेव्हा मागं कोपऱ्यावरचे पोस्टमनकाका बसलेले. मला म्हणाले, रिकामी सीट आणवत नाय गं." तिनं ओढणीनं डोळे टिपले. "आणि मी म्हटलं, स्कूटर विकून टाकू."

मलाही भरून आलं. जालना रोडवर ट्रकांच्या गर्दीत पत्र्याखाली उभं राहून एका परक्या मुलीसमोर रडायचं म्हणजे अवघडच, म्हणून मी खिशातून फोन काढला.

"थांब. बोलावून घेतो."

"नको, अंकल. मी बोलावलं तर म्हणतील, गाडी आहे ना तुमची."

"तू कुठं बोलावतेयस? मी बोलावतोय." मी नंबर लावला. बराच वेळ रिंग वाजली. "सर, मी काळे. बसमधनं उतरताना गुडघ्यात लचक भरली हो. येता का जरा?"

"रिक्षा करा," सर म्हणाले.

"रिक्षा एकही दिसत नाही." आमच्यासमोर तीन उभ्या होत्या.

"मग दांडगेअण्णांना लावा फोन. त्यांच्याकडं मोटारसायकल आहे. मी आता घ्यायला-बिघ्यायला येत नाय कुणाला."

अस्मानं कपाळाला हात लावला. मला आणखी काय सांगावं ते सुचेना, म्हणून समोरचा बाक बघून तोंडाला आलं ते बोललो. "बरं सर, राहू द्या. बसतो इथंच बाकावर. एकटाच आहे मी शेडमध्ये."

मला वाटलं फोन कट झाला.

"हलू नका तिथनं," सर एकदम म्हणाले. "आलोच."

स्कूटर दिसायच्या आधी ऐकू येते. अस्मा उठून उभी राहिली, पुन्हा बसली, ओढणी सारखी केली. वळणावरून सर आले. शर्टाची इस्त्री मोडलेली, पायात घरातल्या स्लिपर. रुसव्यातून उठून आल्यामुळं चेहरा ताठ होता. त्यांनी माझ्यासमोर गाडी उभी केली, गुडघ्याकडं पाहिलं, खिशात हात घालून रुमाल काढला आणि सीट पुसता पुसता त्यांची नजर माझ्या मागं, बाकाच्या कोपऱ्यात गेली.

हात थांबला.

"तू इथं का बसलीस?" ते म्हणाले. आवाज चिडका करायचा प्रयत्न होता, पण जमला नाही. "गाडी आहे ना तुमची?"

"गाडी आहे, अब्बा. पण घ्यायला कुणी आलंच नाही."

सरांनी सीट पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली. सगळी पुसून झाली तरी पुसतच राहिले. मग रुमाल झटकला आणि त्याच रुमालानं चष्म्याच्या आतून डोळे पुसले, त्यामुळं सगळ्या सीटची धूळ डोळ्यांत गेली आणि डोळ्यांना कारण मिळालं.

माझ्याकडं वळून म्हणाले, "काळेसाब, गुडघा कसाय?"

"एकदम बरा झाला, सर."

"मग चालत या."

इतक्या वर्षांत त्यांनी शेडवर कुणाला नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. अस्मा मागं बसली. सर तोंड पुढं करून बसले आणि किल्ली फिरवली.

"बसलीस?"

"बसले."

"नीट बसलीस?"

"नीट बसले, अब्बा. चला."

स्कूटर निघाली. पिकअप नव्हताच, त्यामुळं मी हातात डबा घेऊन आरामात शेजारून चालत होतो आणि जावयाची पांढरी गाडी आमच्यामागून रांगत येत होती. सरांनी लगेच सुरुवात केली. "हां, तर अस्मा, नवीन अर्थ सांगतो. जिथं सोडलं होतं तिथनं पुन्हा धरायचं, त्यालाही पिकअपच म्हणतात..." पण वाक्य पुरं होईना. दोन शब्द बोलायचे आणि मान वळवून मागं बघायचे. पुन्हा दोन शब्द, पुन्हा मागं. समोरून रिक्षावाला हॉर्न मारत गेला, सायकलवाली पोरं सलाम करून गेली. सरांचं रस्त्याकडं लक्षच नाही.

शेवटी मीच ओरडलो, "सर, पुढं बघा, पुढं! बसलीय ती!"